गेमच्या बाजारातला पैसा : पीसी आणि कन्सोल यांचा हिशेब

गेल्या काही महिन्यांत व्हिडिओ गेमच्या व्यवसायाविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच बाबीकडे होता. संगणकावरच्या, म्हणजे पीसीवरच्या गेमचा बाजार मोठा की प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि निन्टेंडो यांसारख्या कन्सोलचा, म्हणजे खास गेमसाठी बनवलेल्या यंत्रांचा, आणि त्यातला पैसा शेवटी कुणाच्या हाती पडतो, असे वाचकांनी विचारले आहे. त्यांतील सहा पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेत शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी गेमच्या बाजारपेठेचे आकडे जमवले. एका अहवालात कन्सोल आणि पीसी यांची उलाढाल जवळजवळ सारखी दिसते, तर दुसऱ्यात कन्सोल फारच पुढे आहे. यांतले खरे कोणते मानावे?
— एक प्राध्यापक, नाशिक

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात, कारण दोन्ही अहवाल वेगवेगळ्या गोष्टी मोजत असण्याची शक्यता मोठी आहे. या क्षेत्रात सर्वाधिक उद्धृत होणारे आकडे गेमच्या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या न्यूझू या संस्थेचे असतात. तिच्या ऑगस्ट २०२४ च्या अंदाजानुसार त्या वर्षीची जागतिक उलाढाल सुमारे १८७.७ अब्ज डॉलर होती. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा, म्हणजे सुमारे ९२.६ अब्ज, मोबाइलचा होता. कन्सोलच्या वाट्याला सुमारे ५१.९ अब्ज आले आणि पीसीच्या वाट्याला सुमारे ४३.२ अब्ज. त्या वेळच्या दराने रुपयांत मांडल्यास कन्सोलचे ४ लाख ३६ हजार कोटी आणि पीसीचे ३ लाख ६३ हजार कोटी होतात. पीसीवर शंभर रुपये खर्च होतात तेव्हा कन्सोलवर एकशे वीस होतात, एवढेच हे अंतर आहे.

मात्र या मोजणीत खेळाडूंनी गेमवर, गेमच्या आतल्या वस्तूंवर आणि सबस्क्रिप्शनवर केलेलाच खर्च धरलेला असतो. कन्सोल, कंट्रोलर किंवा ग्राफिक्स कार्ड यांची विक्री त्यात नसते, जुन्या डिस्कच्या खरेदी-विक्रीचा व्यवहार नसतो आणि जाहिरातींचे उत्पन्नही नसते. यंत्रांची किंमत मिळवली की कन्सोलचे पारडे एकदम जड होते. सोनीच्या गेम विभागाची मार्च २०२४ अखेरच्या वर्षातली विक्री सुमारे ४ लाख २७ हजार कोटी येन होती. तीत त्या वर्षी विकल्या गेलेल्या दोन कोटींहून अधिक प्लेस्टेशन ५ यंत्रांचे पैसेही आले. सोनीचा हा आकडा आणि न्यूझूचा आकडा शेजारी ठेवून कुणी टक्केवारी काढली, तर ती टक्केवारी निरर्थक ठरते.

पीसीच्या बाबतीत यंत्रांची किंमत मिळवायची म्हटले तरी ती वेगळी काढता येत नाही. घरातल्या ज्या लॅपटॉपवर मुलगा रात्री गेम खेळतो, त्याच लॅपटॉपवर दिवसा टॅलीच्या नोंदी होत असतील, तर त्याच्या किमतीतला किती भाग गेमच्या खात्यात टाकायचा? त्यातल्या त्यात ग्राफिक्स कार्डांवरून थोडा अंदाज येतो. एनव्हिडिया कंपनीच्या गेमिंग विभागाचे जानेवारी २०२४ अखेरच्या वर्षातले उत्पन्न सुमारे १०.४ अब्ज डॉलर होते, पण त्यातलीही बरीच कार्डे व्हिडिओ संपादनाच्या किंवा संशोधनाच्या कामाला लागलेली असणार. म्हणून पीसीचा बाजार कागदावर नेहमीच प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो, असे माझे मत आहे.

आणखी एक अडचण हिशेबाच्या जागेची आहे. मायक्रोसॉफ्टची गेम पास ही वर्गणी भरून अनेक गेम खेळायची योजना एक्सबॉक्सवर चालते आणि पीसीवरही चालते. अनेक गेममध्ये एकच खाते सर्व यंत्रांवर वापरता येते, त्यामुळे खरेदी एका ठिकाणी आणि खेळणे दुसऱ्या ठिकाणी असे सर्रास घडते. हे पैसे कोणत्या रकान्यात जावेत, हे प्रत्येक संस्था आपापल्या पद्धतीने ठरवते.

एकच गेम सर्व यंत्रांवर असेल तर काय दिसते, याचा एक विश्वासार्ह पुरावा मात्र उपलब्ध आहे. एपिक ही गेम बनवणारी कंपनी आणि ॲपल यांच्यातल्या खटल्याच्या निमित्ताने एपिकच्या फोर्टनाइट या गेमचे उत्पन्न उघड झाले. मार्च २०१८ ते जुलै २०२० या काळात त्यातले ४६.८ टक्के प्लेस्टेशन ४ वरून आणि २७.५ टक्के एक्सबॉक्स वनवरून आले होते, तर आयफोन-आयपॅडचा वाटा सुमारे ७ टक्के होता. म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश पैसा दोन कन्सोलांवरून आला आणि पीसीसकट बाकीची सर्व यंत्रे उरलेल्यात होती. यावरून सर्व गेमविषयी नियम काढता येणार नाही, कारण फोर्टनाइट हा मूळचा अमेरिकेत आणि कंट्रोलरवर रुजलेला खेळ आहे. तरीही कन्सोलवरचा खेळाडू पैसे खर्च करायला अधिक तयार असतो, हे यातून नक्कीच दिसते.

भारताविषयीचे अहवाल वाचताना आपल्या विद्यार्थ्याने अधिक जपावे. त्यांपैकी अनेकांत ‘गेमिंग’ या नावाखाली पैसे लावून खेळायची रमी आणि फँटसी क्रिकेटही मोजलेले असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली, त्यामुळे जुन्या अहवालांतले भारताविषयीचे भाकीत आता जसेच्या तसे वापरता येणार नाही. प्रत्येक तक्त्याखाली ‘यात काय धरले आहे आणि काय धरलेले नाही’ ही एक ओळ लिहायला त्याला जरूर सांगा.

प्रश्न : प्लेस्टेशन ३ कंपनीने तोट्यात विकले होते असे वाचले. एखादी कंपनी मुद्दाम तोटा का सोसेल? आणि मग लॅपटॉप तसा स्वस्तात कुणीच का विकत नाही?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे. लॅपटॉप विकणाऱ्याचा त्या लॅपटॉपशी असलेला व्यवहार बहुधा विक्रीबरोबर संपतो. तुम्ही त्यावर कोणता गेम घेतला, कुठून घेतला, याचा त्याला काही लाभ नाही, म्हणून नफा यंत्रातच काढावा लागतो. कन्सोलचा व्यवहार विक्रीनंतर सुरू होतो. त्या यंत्रावर चालणारा प्रत्येक गेम कंपनीच्या परवानगीनेच बाजारात येतो आणि प्रत्येक विक्रीतला ठरलेला हिस्सा कंपनीला मिळतो. बाजार समितीच्या आवारातून जाणाऱ्या प्रत्येक पोत्यावर जसा सेस द्यावा लागे, तशी ही वसुली आहे. यंत्र जितक्या घरांत जाईल तितकी ती वाढते.

ही पद्धत सुरुवातीपासून नव्हती आणि ती कशी आली हे जाणून घेण्यासारखे आहे. अटारी २६०० हे यंत्र १९७७ मध्ये आले, तेव्हा त्यावर कुणी कोणती कार्ट्रिज, म्हणजे गेम साठवलेली डबी, चालवावी यावर यंत्रात कोणतेही तांत्रिक बंधन नव्हते. १९७९ मध्ये अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि अटारीच्याच यंत्रासाठी स्वतंत्रपणे गेम विकायला सुरुवात केली. त्यांचे गेम चांगले होते, पण त्यांच्या मागोमाग ज्यांना या कामाची काहीही जाण नव्हती अशा असंख्य कंपन्या आल्या आणि दुकाने निकृष्ट कार्ट्रिजांनी भरून गेली. १९८३ मध्ये अमेरिकेतला हा बाजार कोसळला. सुमारे ३.२ अब्ज डॉलरची उलाढाल १९८५ पर्यंत सुमारे १० कोटी डॉलरवर आली.

त्याच वर्षी निन्टेंडोने अमेरिकेत आपले एनईएस हे यंत्र आणले आणि त्यात एक कुलूप-चिप बसवली. जोडीची चिप नसलेली कार्ट्रिज त्यात चालत नसे. कार्ट्रिज निन्टेंडोकडूनच बनवून घ्याव्या लागत, त्यांचे पैसे गेम प्रकाशित करणाऱ्या कंपनीला आधी भरावे लागत आणि एका कंपनीला वर्षाला साधारण पाचच गेम काढता येत. या अटी कठोर होत्या आणि त्यांविषयी पुढे तक्रारीही झाल्या, पण कन्सोलचा आजचा सारा बाजार याच रचनेवर उभा आहे. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती पुढे चालवली. आता कुलूप सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि हिस्सा डिजिटल दुकानात सर्वसाधारणपणे ३० टक्के आहे.

यंत्रातला तोटा पुढे या हिश्शातून भरून निघेल, या विश्वासावर लावलेल्या फार मोठ्या डावाचे प्लेस्टेशन ३ हे उदाहरण होते. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर होती, तर सुटे भाग मोजणाऱ्या आयसप्लाय या संस्थेने उत्पादनखर्च ८०० डॉलरच्या वर काढला होता. मार्च २००७ अखेरच्या वर्षात सोनीच्या गेम विभागाला सुमारे २३,२३० कोटी येनचा तोटा झाला. मायक्रोसॉफ्टची गोष्टही वेगळी नाही. २०२१ मध्ये न्यायालयात साक्ष देताना त्या कंपनीच्या अधिकारी लोरी राइट यांनी सांगितले की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीही नफा मिळवलेला नाही. निन्टेंडो या बाबतीत अधिक सावध असते. २०१७ मध्ये आलेले स्विच हे यंत्र तिने तोट्यात विकले नाही.

कन्सोलचे आणखी एक उत्पन्न आहे आणि पीसीवरचे खेळाडू ते सहसा विसरतात. इतरांशी इंटरनेटवरून खेळण्यासाठी कन्सोलवर बहुतेक वेळा वर्गणी द्यावी लागते. एक्सबॉक्स लाइव्हने ही वाट २००२ मध्ये पाडली आणि २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आले तेव्हा सोनीनेही ती धरली. मार्च २०२३ मध्ये प्लेस्टेशन प्लसचे सुमारे ४ कोटी ७४ लाख वर्गणीदार होते. पीसीवर याच सोयीसाठी इंटरनेटच्या बिलापलीकडे सहसा काही द्यावे लागत नाही.

मग पीसीवर वसुली करणारा कुणीच नाही का? आहे. व्हाल्व्ह कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये सुरू केलेले स्टीम हे डिजिटल दुकानही मुळात ३० टक्केच घेते. २०१८ च्या अखेरीस तिने सवलत दिली, तीही मोठ्या विक्रेत्यांना. एखाद्या गेमच्या १ कोटी डॉलरपुढच्या विक्रीवर २५ टक्के आणि ५ कोटी डॉलरपुढच्या विक्रीवर २० टक्के असे ते दर आहेत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एपिकने फक्त १२ टक्के घेणारे दुकान उघडले. पीसी खुला असल्यामुळे हे शक्य झाले. लीग ऑफ लेजेंड्ससारखा गेम तर स्टीमवर न जाता मुख्यतः स्वतःच्या संकेतस्थळावरून खेळाडूपर्यंत पोहोचतो आणि बहुतेक पैसा स्वतःकडे ठेवतो. तरी या खुलेपणाला मर्यादा आहेत. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम बनवणाऱ्या मोठ्या कंपनीने स्टीम सोडले आणि २०१९ मध्ये ती परतली. युबिसॉफ्ट २०२२ मध्ये परतली. ब्लिझार्डसारख्या स्वतःचे दुकान असलेल्या कंपनीनेही २०२३ मध्ये ओव्हरवॉच २ स्टीमवर आणला. ग्राहक जिथे जमलेला आहे तिथेच माल मांडावा लागतो आणि त्यासाठी ३० टक्के सोडावे लागतात, हे या कंपन्यांनी अनुभवाने मान्य केले आहे.

प्रश्न : मुलगा प्लेस्टेशन ५ मागतो आहे, माझे यजमान म्हणतात की त्यापेक्षा गेमिंग पीसी घ्यावा. खर्चाच्या दृष्टीने बरे काय?
— एक गृहिणी, ठाणे

उत्तर : वरच्या उत्तरातला हिशेबच तुमच्या घराला लागू होतो. कन्सोलच्या यंत्रात जी सवलत मिळते, ती पुढे गेममधून वसूल होते. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले, तेव्हा डिस्कची सोय असलेल्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती आणि सोनीचा नवा गेम ४,९९९ रुपयांना मिळत असे. वर्षाला चार नवे गेम घेतले तर पाच वर्षांत गेमचा खर्च यंत्राच्या दुप्पट होतो आणि वर्गणी वेगळीच. पीसीला सुरुवातीला जास्त पैसे लागतात. मात्र स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मोठे सेल लागतात, जुने गेम निम्म्या किंवा पाव किमतीला मिळतात आणि न आवडलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर, परत करता येतो.

कन्सोलच्या बाजूनेही एक भक्कम मुद्दा आहे. डिस्क विकता येते. मुलाने गेम संपवून मित्राशी अदलाबदल केली किंवा दुकानात विकली, तर वरचे गणित बदलते. म्हणून कन्सोलच घ्यायचे ठरले तर डिस्कची सोय नसलेले स्वस्त यंत्र घेऊ नका. मुलाला येत्या दोन-तीन वर्षांत शिक्षणासाठी संगणक लागणारच असेल, तर मात्र तुमच्या यजमानांचे म्हणणे मला अधिक पटते.

प्रश्न : मी बारा-पंधरा वर्षे न्यू जर्सीत राहतो. इथे ओळखीच्या बहुतेक घरांत कन्सोल आहे. पुण्यातल्या माझ्या भाच्यांच्या मित्रमंडळींत मात्र कुणाकडेच नाही, ते सगळे पीसीवर किंवा फोनवर खेळतात. हा फरक केवळ उत्पन्नाचा आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी, अमेरिका

उत्तर : उत्पन्नाचा वाटा आहेच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही, कारण दक्षिण कोरिया हा श्रीमंत देश आहे आणि तरीही तिथे पीसीचेच राज्य राहिले. प्रत्येक देशात कोणते यंत्र आधी घराघरांत किंवा गल्लोगल्ली पोहोचले आणि सरकारने काय अडवले, यावर बरेच काही ठरले.

चीनचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. २००० मध्ये तिथल्या सरकारने मुलांवर होणाऱ्या परिणामांचे कारण देऊन कन्सोलच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. ती २०१४ मध्ये शांघायच्या मुक्त व्यापार क्षेत्रापुरती आणि २०१५ मध्ये देशभर उठली. त्या मधल्या काळात चिनी मुलांची एक अख्खी पिढी नेट कॅफेत पीसीवर खेळत मोठी झाली. तिथे डिस्क विकत घेण्याची सवय लागलीच नाही. गेम फुकट मिळे, वेळेसाठी किंवा गेममधल्या वस्तूंसाठी पैसे दिले जात, आणि नकली प्रती काढणाऱ्यांना यात चोरण्यासारखे काही उरत नसे, कारण गेम कंपनीच्या सर्व्हरवर चाले. आज जगभर, कन्सोलवरसुद्धा, जी इन-गेम खरेदी रुळली आहे, तिची एक मोठी शाळा पूर्व आशियातल्या या कॅफेंत भरली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये ब्लॅक मिथ : वुकाँग हा चिनी गेम पीसी आणि प्लेस्टेशन ५ वर आला, तेव्हा तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती गेल्या आणि स्टीमवर एका वेळी चोवीस लाखांहून अधिक लोक तो खेळत होते. पूर्ण किंमत मोजून पीसीवर गेम घेणारा एवढा मोठा चिनी ग्राहक तयार झाला आहे, हे त्या दिवशी सर्वांना दिसले.

कोरियात १९९७ च्या आर्थिक संकटानंतर ‘पीसी बांग’ नावाची गेमची दुकाने झपाट्याने वाढली, १९९८ मध्ये आलेला स्टारक्राफ्ट तिथे जणू राष्ट्रीय खेळ झाला, आणि जपानी सांस्कृतिक मालावरचे निर्बंध तेव्हा कुठे सैल होऊ लागल्यामुळे जपानी कन्सोलांना उशीर झाला. जपानमध्ये याच्या उलट स्थिती राहिली आणि घरच्या कंपन्यांच्या यंत्रांपुढे पीसीला तिथे फार काळ जागाच मिळाली नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून जी यंत्रे विकली जात, ती बहुतेक निन्टेंडोच्या यंत्राच्या नकला होत्या. मारिओ आणि काँट्रा लाखो भारतीय मुलांनी खेळले, पण त्यातला पैसा मूळ कंपनीपर्यंत गेला नाही. पुढे पीसी आला तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या सीडीच्या दुकानात गेमच्या नकली प्रती किरकोळ किमतीला मिळत. म्हणजे खेळणारे भरपूर आणि हिशेबात दिसणारी उलाढाल नगण्य, अशी अवस्था दोन्ही बाजूंनी होती. निन्टेंडोने स्विचची भारतात आजवर अधिकृत विक्री केलेली नाही, त्यामागे हा इतिहासही असावा असे मला वाटते. २०१६ मध्ये जिओमुळे मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि त्यानंतर खेळायला लागलेल्या बहुसंख्य मुलांनी कन्सोल व पीसी या दोन्ही पायऱ्या ओलांडून थेट फोनवर सुरुवात केली. तुमच्या भाच्यांच्या पिढीची हीच गोष्ट आहे.

प्रश्न : आम्ही चार जण मिळून एक छोटा गेम बनवत आहोत. पैसा कन्सोलवर जास्त आहे असे सगळे सांगतात. आम्ही आधी कन्सोलवर यावे की पीसीवर?
— गेम डिझाइनची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आधी पीसीवर या, असे मी निःसंकोचपणे सांगेन. एकूण उलाढाल कुठे जास्त आहे हे मोठ्या कंपनीने पाहावे. तुमच्यासारख्या चौघांनी दारात शिरायला काय लागते ते पाहावे. स्टीमवर एका गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि गेमने १,००० डॉलरची विक्री केली की ते परत मिळतात. कन्सोलसाठी आधी नोंदणी आणि मंजुरी लागते, वेगळे डेव्हलपमेंट यंत्र मिळवावे लागते आणि तांत्रिक तपासणीत गेम उत्तीर्ण व्हावा लागतो. एक छोटी चूक सुधारून नवी आवृत्ती द्यायची तरी ती तपासणी पुन्हा करावी लागू शकते. पीसीवर तीच सुधारणा संध्याकाळपर्यंत खेळाडूच्या हातात असते. शिकत असलेल्या गटाला याचे मोल फार असते.

स्टारड्यू व्हॅली या गेमकडे पाहा. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला हा गेम फेब्रुवारी २०१६ मध्ये आधी पीसीवर आला आणि मग कन्सोलवर गेला. डिसेंबर २०२४ पर्यंत त्याच्या ४ कोटी १० लाख प्रती गेल्या होत्या आणि त्यांतल्या २ कोटी ६० लाख पीसीवरच्या होत्या. एकूण बाजारात कन्सोल पुढे असला तरी अशा लहान गेमचे गणित उलटे असू शकते.

तुमच्या शहरातले उदाहरण मात्र माझ्या सल्ल्याच्या विरुद्ध जाणारे आहे आणि ते तुमच्यापासून लपवणे बरोबर होणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला राजी : ॲन एन्शंट एपिक हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर. ज्या यंत्राची भारतात अधिकृत विक्रीच नाही त्यावर दुर्गा आणि विष्णू ज्यात येतात अशी ही गोष्ट पहिल्यांदा झळकली. यामागे त्या गटाचा काय विचार असावा, याचा अंदाज करता येतो. त्यांचा ग्राहक बराचसा परदेशात होता आणि स्विचच्या दुकानात स्टीमच्या मानाने गर्दी कमी असल्याने नवा गेम डोळ्यांत भरण्याची शक्यता जास्त होती. स्टीमवर २०२४ या एका वर्षात अठरा हजारांहून अधिक गेम आले. दार सर्वांना उघडे असल्याची ही किंमत आहे आणि तिथे न दिसताच बुडून जाणाऱ्या गेमची संख्या फार मोठी आहे. म्हणून गेम पूर्ण होण्याच्या बरेच आधी स्टीमवर त्याचे पान तयार करा, खेळून पाहता येईल असा छोटा भाग मांडा आणि किती लोक तो विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, टाकतात ते पाहत राहा. तो आकडा चांगला आला की कन्सोलवर नेणारा पब्लिशर मिळणे सोपे जाते. तुमच्या गटाचे काम वाचायला आणि खेळायला मला मनापासून आवडेल.

प्रश्न : सोनी आणि मायक्रोसॉफ्ट आपले गेम आता पीसीवरही आणतात. मग कन्सोल विकत घ्यायचे कारण उरते का? येत्या काळात हा फरक संपेल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : फरक कमी होत आहे, आणि त्याचे मूळ निर्मितीखर्चात आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून द लास्ट ऑफ अस भाग २ चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर असल्याचे बाहेर आले. एवढा पैसा एकाच यंत्राच्या ग्राहकांकडून परत मिळवणे दरवेळी अधिक कठीण होते. म्हणून सोनीने ऑगस्ट २०२० मध्ये होरायझन झीरो डॉन आणि जानेवारी २०२२ मध्ये गॉड ऑफ वॉर पीसीवर आणले. फेब्रुवारी २०२४ मध्ये हेलडायव्हर्स २ प्लेस्टेशन ५ आणि पीसी या दोन्हींवर एकाच दिवशी आला आणि बारा आठवड्यांत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती गेल्या. मायक्रोसॉफ्टने तर २०२४ मध्ये आपले काही गेम थेट प्रतिस्पर्धी प्लेस्टेशनवर आणि स्विचवर दिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेतल्यावर मायक्रोसॉफ्ट यंत्र विकणाऱ्यापेक्षा गेम विकणारी अधिक झाली आहे. निन्टेंडो या प्रवाहात नाही. तिचे स्वतःचे मोठे गेम तिच्याच यंत्रावर मिळतात.

दोन्ही बाजार एकत्र धरून काम करणाऱ्या पब्लिशरांना मात्र गेम दोन्हीकडे वेगवेगळ्या वेळी आणण्यातल्या अंतरातूनही पैसा मिळतो. जीटीए ५ सप्टेंबर २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर आला, पुढच्या वर्षी नव्या कन्सोलांवर आणि एप्रिल २०१५ मध्ये पीसीवर. अनेक चाहत्यांनी तो दोनदा विकत घेतला. त्याच्या २० कोटींहून अधिक प्रती गेल्या आहेत. जीटीए ६ ची घोषणाही फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांसाठी झाली. पीसीवाल्यांना थांबवण्यात पब्लिशरला अजून फायदा दिसतो, असाच याचा अर्थ आहे.

कन्सोल घ्यायचे कारण म्हणाल तर टीव्हीसमोर बसावे, बटण दाबावे आणि ड्रायव्हर व सेटिंगच्या भानगडीत न पडता खेळावे, ही सोय अजूनही फार जणांना पैसे मोजण्यासारखी वाटते. दोन बाजारांतली सीमा खरोखर पुसली जात आहे की नाही, हे ओळखण्यासाठी मी सोनीच्या एकट्याने खेळायच्या कथाप्रधान गेमकडे लक्ष ठेवीन. हेलडायव्हर्ससारखा सर्वांनी मिळून खेळायचा गेम ती पीसीवर लगेच देते, कारण तिथे खेळाडूंची संख्या हाच गेमचा प्राण असतो. कथाप्रधान गेम मात्र ती आजवर आधी आपल्या यंत्रावर आणि बऱ्याच महिन्यांनी, कधी वर्षांनी, पीसीवर आणत आली आहे. ज्या दिवशी तेही दोन्हीकडे एकदम येऊ लागतील, त्या दिवशी यंत्राच्या विक्रीपेक्षा गेमची विक्री मोलाची असल्याचे सोनीने ठरवले, असे समजावे.